कानांची पुंजी

गेल्या मे महिन्यातील गोष्ट. रात्रीचा दीड वाजला असेल. आमचे चिरंजीव, वय वर्षे एकोणीस, अभियांत्रिकीचे दुसरे वर्ष, आमच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बाबा, फ्रीज आवाज करतोय का हो?"

मी उठलो. फ्रीज गप्प होता. तरी त्याच्या समाधानासाठी बंद केला. मग इन्व्हर्टर बंद केला. डासांच्या यंत्राची पिन काढली. पंखा बंद केला. डोंबिवलीत रात्री दीड वाजता जेवढी शांतता मिळू शकते, तेवढी घरात झाली. आम्ही दोघे अंधारात उभे. तो म्हणाला, "अजून येतोय. बारीक शिट्टीसारखा." मला काहीच ऐकू येत नव्हते. थोड्या वेळाने त्याने दोन्ही कानांत बोटे घातली, आणि त्याचा चेहरा मला रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात दिसला. आवाज बाहेर नव्हताच. तो त्याच्या कानात होता.

आईला उठवू नका, म्हणाला. पण ती जागीच होती.

त्या रात्री मला झोप लागली नाही ती मुलाच्या काळजीने, हे खरेच. पण डोळ्यांसमोर येत होते ते माझे वडील.

साचेखाते

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. १९५५ मध्ये लागले आणि १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तोपर्यंत, म्हणजे सत्तावीस वर्षे, साचे चालवत राहिले. ज्यांनी साचेखाते पाहिलेले नाही त्यांना तो आवाज सांगून कळणार नाही. लाकडी धोटा इकडून तिकडे फेकला जातो, दर फेरीला थडाक करून आपटतो आणि असे शेकडो साचे एका छपराखाली. लहानपणी एकदा डबा द्यायला गेलो तेव्हा दाराशीच छातीत धडधडायला लागले होते. आत माणसे तोंडाने बोलत नसत. ओठांच्या हालचालींवर आणि हाताच्या खुणांवर सगळा कारभार. चहाची खूण वेगळी, जॉबर येतोय याची वेगळी, तागा संपला याची वेगळी.

चाळिशीतच अण्णांना कमी ऐकू येऊ लागले. आम्हा मुलांना त्याची गंमत वाटे. आई म्हणायची, "ताट घ्या," अण्णा म्हणत, "ताक नको, सर्दी झालीय." आम्ही खो-खो हसायचो. अण्णाही हसत. पुढे पुढे हसेनासे झाले. लग्नकार्यात कोपऱ्यातली खुर्ची धरून बसू लागले. शनिवारचे भजन त्यांनी सोडले, म्हणाले, "टाळ तेवढे ऐकू येतात, शब्द लागत नाहीत." माणसे त्यांना तिरसट समजू लागली. २००८ मध्ये ते गेले तेव्हा आमचा मुलगा दोन वर्षांचा होता. त्याचे बोबडे बोल ऐकायला अण्णा त्याच्या तोंडाशी कान नेत आणि मान हलवत. त्यांना काहीही ऐकू येत नव्हते, हे घरात सगळ्यांना ठाऊक होते.

ते साचे गेले, गिरणी गेली, त्या जागी टॉवर आला. आणि तीच शिट्टी आता नातवाच्या कानात वाजत होती. त्याने आयुष्यात साचा पाहिलेला नाही. त्याच्याजवळ होता तो गेल्या दिवाळीत मीच कौतुकाने आणून दिलेला हेडफोन.

ऐकू येते, पण कळत नाही

कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी मुलाला काचेच्या खोलीत बसवून ऑडिओमेट्री केली आणि कागद माझ्यासमोर धरला. रेघ बरीचशी सरळ चालली होती आणि ४००० हर्ट्‌झपाशी खाली खड्ड्यात उतरून पुन्हा वर आली होती. "हा खड्डा आम्ही कारखान्यातल्या लोकांच्या कागदावर पाहायचो," डॉक्टर म्हणाले. "आता कॉलेजातल्या मुलांच्या कागदावरही पाहतो."

त्यांनी जे समजावले ते मी वाचकांना माझ्या भाषेत सांगतो. आपल्या कानाच्या आत, वाटाण्याएवढ्या जागेत, गोगलगाईच्या शंखासारखी वेटोळी नळी असते. तिच्यात आवाज टिपणाऱ्या सूक्ष्म केसांच्या पेशी असतात. एका कानात सुमारे १५ हजार. डोळ्याच्या पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या पेशी १० कोटींहून अधिक असतात, हे लक्षात घेतले म्हणजे निसर्गाने कानाला किती तुटपुंजी पुंजी दिली आहे ते कळते. आणि ही पुंजी एकदाच मिळते. कोंबडीच्या पिल्लाच्या कानातल्या या पेशी मेल्या तर नव्या उगवतात, असे १९८०च्या दशकात शास्त्रज्ञांना आढळले. माणसाच्या उगवत नाहीत. माणसाने कोंबडीचा हेवा करावा असे प्रसंग फार नाहीत, त्यातला हा एक.

मोठ्या आवाजाने पहिला बळी जातो तो उंच पट्टीचा आवाज टिपणाऱ्या पेशींचा. आपल्या बोलण्यातले स्वर, म्हणजे आ, ओ, ऊ, खालच्या पट्टीचे आणि दणकट असतात. शब्दाला अर्थ देणारी स, श, फ, ट, क ही व्यंजने मात्र उंच पट्टीची आणि नाजूक. त्यामुळे माणसाला आवाज ऐकू येतो, शब्द लागत नाही. ताक, ताट, ताप, तास या सगळ्यांतला 'ता' पोचतो आणि पुढचे अक्षर वाटेत गळून पडते. चाळीस वर्षांपूर्वी ज्यावर आम्ही हसलो त्या विनोदाचे शास्त्र मला असे डॉक्टरांच्या खोलीत कळले.

आणखी एक गोष्ट ते म्हणाले, ती अधिक अस्वस्थ करणारी आहे. मिरवणुकीतून किंवा मैफलीतून आल्यावर कान बधिर होतात आणि सकाळी मोकळे होतात, हा अनुभव पुष्कळांना असेल. मोकळे झाले म्हणजे बरे झाले, अशी आपली समजूत. २००९ साली हार्वर्डच्या दोन शास्त्रज्ञांनी उंदरांवर प्रयोग केले. दोन तास मोठा आवाज ऐकवल्यावर उंदरांची श्रवणशक्ती काही दिवसांत चाचणीत पूर्ववत दिसली. पण केसपेशी आणि मज्जातंतू यांना जोडणारे सांधे काही भागांत निम्म्यापर्यंत कायमचे तुटलेले होते. म्हणजे पासबुकात शिल्लक दिसते आणि तिजोरीतून पैसे गेलेले असतात.

डोळ्यात कचरा गेला तर डोळा पाणी काढतो. दात किडला तर रात्रभर जागवतो. कान तक्रार करीत नाही. दुखत नाही, सुजत नाही, लाल होत नाही. कानाने पहिल्यांदा तोंड उघडले तेव्हा पुष्कळ खर्च होऊन गेलेला असतो.

हिशेब डेसिबलचा

मग आम्ही बापलेक घरी हिशेबाला बसलो. अभियांत्रिकीचा मुलगा असल्याचा हा एक फायदा.

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. हे माप किलो-मीटरसारखे सरळ चालत नाही. तीन डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. म्हणून कानाला सोसेल तो वेळ निम्मा होतो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१९ मध्ये फोन आणि तत्सम उपकरणांसाठी मानक केले. त्याप्रमाणे मोठ्या माणसासाठी आठवड्याचा शिधा आहे ८० डेसिबलला ४० तास. मुलांसाठी ७५ डेसिबलला ४० तास. आता पुढे पाढा म्हणावा. ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५, ९२ ला अडीच तास. नव्वदीपर्यंत गोष्ट तासांची असते. १०० डेसिबलला ती मिनिटांवर येते. आठवड्याला जेमतेम २० मिनिटे.

बऱ्याच नव्या फोनमध्ये हेडफोनचा आवाज किती होता याची नोंद ठेवली जाते. मुलाने ती प्रथमच उघडून पाहिली. कॉलेजला जाता-येता लोकलमध्ये गाणी ऐकण्याचा आवाज सरासरी ९२ डेसिबल आणि वेळ आठवड्याला सुमारे १० तास. अडीच तासांच्या शिध्यात दहा तास! म्हणजे हा गृहस्थ केवळ लोकलमध्ये दर आठवड्याला महिन्याचा शिधा फस्त करीत होता. रात्रीचे गेम वेगळेच.

मी मनाशी अण्णांचाही हिशेब केला. साचेखात्यातला आवाज १०० डेसिबलच्या आसपास धरतात. आठवड्याला २० मिनिटांच्या जागी ४८ तास. सत्तावीस वर्षे.

पावलांचा आवाज

गाण्यापेक्षा गेमचा प्रकार थोडा निराळा आहे, आणि तो पालकांनी समजून घ्यायला हवा. आपण बाहेरून पाहतो तेव्हा वाटते, पोराला धांगडधिंगा आवडतो म्हणून तो आवाज वाढवतो. तसे नाही. बंदुकीच्या गेममध्ये जिंकायचे तर भिंतीमागून येणाऱ्या शत्रूची पावले ऐकू यावी लागतात. पावलांचा आवाज अगदी हलका. तो ऐकू यावा म्हणून मुलगा आवाज चढवतो. कान टवकारून बसतो आणि तेवढ्यात त्याच चढवलेल्या आवाजात शेजारी बाँब फुटतो. कुजबुज ऐकायला कान पुढे करावा आणि कोणी त्यात फटाका लावावा, तसे. आणि हे तासाला कित्येकदा.

व्हिडिओ गेम आणि श्रवण यांवरील १४ अभ्यासांचा आढावा २०२४ च्या जानेवारीत ब्रिटनमधील एका वैद्यकीय नियतकालिकात आला. नऊ देशांतील ५० हजारांहून अधिक माणसे या अभ्यासांत होती. गेमिंग केंद्रांतला आवाज ८० ते ८९ डेसिबलपर्यंत मोजला गेला होता आणि एका अभ्यासात गेममधले क्षणिक स्फोट ११९ डेसिबलपर्यंत पोचले होते. यावरून प्रत्येक गेम खेळणारा बहिरा होईल असे कोणी म्हटलेले नाही. पण आवाजाच्या मर्यादा ओलांडल्या जातात एवढे नक्की. २०२५ मध्ये व्हिडिओ गेमसाठीही सुरक्षित ऐकण्याचे स्वतंत्र जागतिक मानक आले, ते उगीच नव्हे.

२०२४ च्या जूनमध्ये ज्येष्ठ गायिका अलका याज्ञिक यांनी आपली श्रवणशक्ती एकाएकी गेल्याचे जाहीर केले. त्यांच्या बाबतीत कारण विषाणूसंसर्गाचे होते, हेडफोनचे नव्हते. पण त्या निवेदनातही त्यांनी चाहत्यांना मोठ्या आवाजाचे संगीत आणि हेडफोन यांबाबत जपून राहण्यास सांगितले. ज्यांचे सारे आयुष्य सुरांवर उभे आहे त्यांनी सांगितलेले तरी आपण ऐकावे.

दोष कोणाचा?

आता माझे मत. ते काही तरुणांना आवडणार नाही आणि माझ्या वयाच्या पुष्कळांना तर मुळीच आवडणार नाही.

"आजकालची मुले" या शब्दांनी सुरू होणारे व्याख्यान या प्रश्नावर देण्याचा अधिकार आपल्याला नाही. आमच्या घरात हेडफोन कसा आला ते सांगतो. दोन खोल्यांचे घर. बाहेर आमची मालिका लागलेली, आत त्याचा गेम. "त्या गोळीबाराने डोकं उठलं," असे आम्हीच म्हणत होतो. हेडफोन आला आणि घर शांत झाले. आम्ही शेजाऱ्यांना सांगितले की मुलगा फार समजूतदार आहे, त्याचा त्रास म्हणून नाही. घरातला सगळा गोंगाट आम्ही त्याच्या दोन कानांत भरला आणि त्याला शांतता म्हणालो.

सोनी कंपनीने १९७९ मध्ये पहिला वॉकमन काढला तेव्हा त्याला हेडफोनसाठी दोन भोके होती, आणि एक नारिंगी बटण होते. ते दाबले की गाणे हलके होऊन दोघांना एकमेकांशी बोलता येई. कंपनीचे संस्थापक आकिओ मोरिता यांना एकट्यानेच ऐकत बसणे उद्धटपणाचे वाटले होते. पुढे ते दुसरे भोक गेले आणि ते बटणही गेले. माणसांनाच त्यांची गरज वाटली नाही.

दुसरी गोष्ट बाहेरच्या गोंगाटाची. मुलगा लोकलमध्ये ९२ डेसिबलला गाणी ऐकत होता, कारण खाली रुळांचा खडखडाट होता आणि वर पंख्यांची घरघर. घरी तेच गाणे तो कितीतरी हलक्या आवाजात ऐकतो. माणूस नेहमी भोवतालच्या आवाजाच्या वर आपला आवाज चढवतो. आपल्याकडे २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ती कोणत्या रस्त्यावर पाळली जाते? पुण्यात विसर्जन मिरवणुकीचा आवाज अभियांत्रिकीचे विद्यार्थी वर्षानुवर्षे मोजत आले आहेत आणि शंभरी ओलांडलेले आकडे आपण वर्तमानपत्रात वाचून पान उलटतो. लग्नाच्या वरातीत डीजे लावणारे, सिग्नलला हॉर्नवरचा हात न काढणारे, बारशाला हॉलमध्ये भिंतीएवढे स्पीकर ठेवणारे आपणच. त्या मुलाच्या कानाला मोठा आवाज म्हणजे सण, मोठा आवाज म्हणजे आनंद, हे लहानपणापासून शिकवले कोणी?

अण्णांचे कान पोटासाठी गेले. आज आवाजामुळे येणारे बहिरेपण कामगारांच्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत कायद्याने आहे. कारखान्यात कानाला बोळे द्यावे लागतात. अण्णांच्या वेळी कोणी दिले नाहीत, आणि दिले असते तरी ते काम सोडून आवाज कमी करण्याचे बटण त्यांच्या हातात नव्हते. नातवाच्या हातात ते बटण आहे. हाच सगळा फरक आहे. तो फरक वापरला नाही तर मात्र दोष साच्यांचा नाही.

मग करायचे काय?

हेडफोन काढून घेणे हा उपाय नव्हे. आम्ही दोन दिवस तो करून पाहिला. घरात भांडणाचा आवाज किती डेसिबल होता ते मोजले नाही एवढेच. या पिढीचा अभ्यास, मैत्री, मुलाखती सगळे कानात घातलेल्या बोंडांतून होते. तेव्हा बंदीपेक्षा हिशेब बरा.

डॉक्टरांनी सांगितले ते साधे आहे. आवाज पट्टीच्या साठ टक्क्यांच्या वर न्यायचा नाही आणि तासाभराने कानाला विश्रांती द्यायची. फोनमध्ये आवाजाची कमाल मर्यादा बांधून ठेवण्याची सोय असते, ती आज लावावी. लहान मुलांच्या फोनवर तर परवलीच्या शब्दासकट. 'मुलांसाठी सुरक्षित' असा शिक्का असलेल्या हेडफोनवर डोळे मिटून विसंबू नये. स्वतः कानाला लावून पाहावा. गेमच्या सेटिंगमध्ये मोठे आवाज दाबून हलके आवाज वर आणण्याची सोय अनेकदा असते, कॉम्प्युटरवरही असते. ती लावली की पावले ऐकू येतात आणि बाँब अंगावर येत नाही. आमच्या मुलाला हे माहीत होते. कधी वापरले नव्हते. गाडीत ऐकायचेच असेल तर कान नीट झाकणारा किंवा बाहेरचा गोंगाट कापणारा हेडफोन घ्यावा, म्हणजे आवाज चढवावा लागत नाही. मात्र रूळ ओलांडताना, रस्त्यावर चालताना तो कानात नको. तेथे प्रश्न कानाचा नसून जिवाचा आहे. आणि कानात शिट्टी वाजत राहिली, बोलणे बोजड वाटू लागले, किंवा एका कानाने अचानक कमी ऐकू आले तर तेल घालत बसू नये. अचानक कमी ऐकू येणे ही तातडीची गोष्ट आहे. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

घरच्या घरी एक परीक्षा करता येईल. मुलगा किंवा मुलगी हेडफोन लावून बसली असताना हातभर अंतरावर बसा आणि नेहमीच्या आवाजात नाव घेऊन हाक मारा. मान वळली तर ठीक. तुम्हालाच त्याचे गाणे ऐकू येत असेल तर मात्र ओरडू नका. शेजारी बसा आणि वरचा पाढा एकत्र म्हणा. मग आपला टीव्ही किती मोठा आहे तेही पाहा. आमच्याकडे तोही खाली आला आहे.

मुलाच्या कानातली शिट्टी पुष्कळ कमी झाली आहे, पण गेलेली नाही. रात्री सगळे शांत झाले की येते, म्हणतो. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, "गेलं ते परत येणार नाही. आहे ते साठ वर्षं पुरवायचंय." त्याचा फोन आता आठवड्याला हिशेब सांगतो आणि तो मुकाट्याने मला दाखवतो. परवा जेवताना त्याने विचारले, "बाबा, अण्णा गिरणीत खुणांनी बोलायचे ना? चहाची खूण कशी होती?" मी करून दाखवली. त्याने ती लगेच उचलली आणि आईकडे पाहून केली. ती म्हणाली, "तोंडानं माग. मला ऐकू येतं अजून."